हिरव्या रंगाला भिणारे भाऊजी

झाशी शहराची सगळी काळजी एकट्याने वाहणारा एक माणूस आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो. वीज गेली की ती परत येईल की नाही याची भाऊजींना काळजी, आणि आली की इतक्या जोरात का आली याची. बडा बाजारातून चालताना दुकानाची पाटी डोक्यावर पडेल म्हणून ते कडेने जात नाहीत, स्कूटर मागून धडकेल म्हणून मधूनही जात नाहीत. पाट्या आणि स्कूटरी यांच्यामधल्या वीतभर पट्टीतून तिरके तिरके चालतात. ताई सांगते, "लग्नात अक्षता डोळ्यांत जातील म्हणून हे सबंध वेळ डोळे मिटून उभे होते. मी कशी दिसते ते यांनी जेवणाच्या पंगतीत पाहिलं."

अशा माणसाला सरकारी कचेरीने काम काय द्यावं, तर विभागभर नवीन जंगल कुठे कुठे लावता येईल त्याचा नकाशा करायचं! भाऊजी नकाशे करण्यात वाकबगार, पण नोकरी दर वर्षीच्या कंत्राटावर. जमिनीचा उतार, माती, पाणी, उपग्रहाने टिपलेली चित्रं, सगळं संगणकावर एकावर एक ठेवायचं आणि जिथे जुळेल तिथे हिरवा रंग भरायचा. दुसरा कुणी असता तर महिन्याभरात सगळा मुलूख हिरवागार करून मोकळा झाला असता. भाऊजी एक तुकडा हिरवा करत, चष्मा पुसत आणि पुन्हा पांढरा करत. "तुला गंमत वाटते," ते मला म्हणत. "अगं, तिथे कुणीतरी असतं."

उपग्रहावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "तो फार वर असतो. त्याला शेण दिसत नाही." म्हणून सुट्टीच्या दिवशी ते स्वतः शेण बघायला जात. शेण दिसलं की गुरं आली, गुरं आली की माणसं आली, आणि मग तिथला हिरवा रंग गेला. गाडी चालवायची त्यांना भीती, तेव्हा ती मी चालवायची. प्रत्येक ठिकाणची मूठभर माती आणून ते लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरत आणि न्हाणीघराबाहेरच्या फळीवर ठेवत. एकदा नागपूरहून आलेल्या त्यांच्या काकांनी दंतमंजन समजून समथर गावच्या तांबड्या मातीने दोन दिवस दात घासले. उलगडा झाला तेव्हा ताई आणि मी लाजेने अर्धमेल्या झालो. भाऊजी मात्र वही घेऊन धावले. "काका, खारट लागली का हो? नीट आठवून सांगा."

मग गुरसराय गावाकडचा तो तुकडा आला. नकाशा पुरा झाला होता, सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. शनिवारी दुपारी भाऊजी भरल्या ताटावरून उठले आणि लॅपटॉप घेऊन आले. मोठा थोरला हिरवा तुकडा, कागदोपत्री बंजर म्हणजे पडीक, संगणकाच्या मते सगळ्यांत योग्य. त्यातून केसासारखी एक पांढरी रेघ गेली होती.

"ही काय आहे?"

"ओढा असेल," मी म्हटलं.

"ओढा चढावर चढतो का?"

"पापा, आप फिर शुरू हो गए," माझी भाची म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं. "खाना तो खा लीजिए."

ते जेवले नाहीत. रविवारी सकाळी आम्ही तिथे पोचलो.

ती रेघ म्हणजे गुरांची वाट होती. पावसाळा नुकताच सरला होता आणि गुडघाभर गवतात म्हशी चरत होत्या. उपग्रहाचं चित्र भर उन्हाळ्यातलं, तेव्हा इथे काडीही नसणार. म्हशींमागून एक वयस्कर बाई आली. "काय भैया, का ढूँढ़ रए?"

भाऊजींनी अडखळत सांगितलं, "अम्मा, यहाँ तार लगाकर जंगल लगाने की बात है."

"तो हमाए ढोर किते जैहें? पूरे गाँव के इतईं चरत."

साऱ्या गावाची गुरं इथेच चरतात हे ऐकून भाऊजी मटकन गवतात बसले. बाईलाच त्यांची दया आली असावी. तिने आम्हाला टेकडीपलीकडच्या दगडाळ उतारावर नेलं. "पेड़ चाने होंय तो इतै देखो. हमाई सास के बखत इतै जंगल हतो." तिच्या सासूच्या काळात जंगल असलेली ती जागा नकाशात नुसता खडक म्हणून करडी होती. भाऊजींनी गुडघ्यांवर बसून हाताने दगड बाजूला केले. मधे मधे करधईच्या झाडांची तोडलेली खोडं होती, आणि प्रत्येकाला बोटभर कोवळे फुटवे. मुळं जिवंत होती. लावायचं काही नव्हतं, नुसतं राखायचं होतं. निघताना त्यांनी अम्माला हात जोडले, "एवढ्या बाजूला बकऱ्या येऊ देऊ नका," आणि आपण मराठीत बोललो हे लक्षात येताच तेच घाईघाईने हिंदीत सांगितलं.

सोमवारी त्यांनी मला कचेरीबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. दार अर्धं उघडं होतं. साहेब म्हणाले, "अब क्या बदलना? सब फ़ाइनल हो चुका है." फोन वाजला तरी दचकणारे आमचे भाऊजी, त्यांचा श्वास मला बाहेर ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "सर, वो जगह ख़ाली नहीं है. मैं दस्तख़त नहीं कर पाऊँगा."

नकाशा करणाऱ्याच्या सहीशिवाय कागद पुढे सरकेना. आठवडाभर ताईच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. शेवटी तो तुकडा नकाशातून निघाला. दगडाळ उतार मात्र करडाच राहिला. खडकावर जंगल दाखवायला कुणी तयार होईना. वर्ष संपल्यावर भाऊजींचं कंत्राट वाढलं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. आता ते घरी भूगोलाच्या शिकवण्या घेतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं झोपतात, जागे हेच राहतात.

तीन पावसाळ्यांनी, यंदा, आम्ही पुन्हा तिकडे गेलो. गावाने उताराला दगडांचा गडगा घातला होता आणि बकऱ्या आत सोडल्या नव्हत्या. करधई माणसाच्या डोक्यावर गेली होती. भाऊजी आत शिरले ते दिसेनासेच झाले. मला वाटलं, आज तरी हसत बाहेर येतील. आले ते कपाळाला आठ्या घालून.

"फार दाट आलंय गं. उन्हाळ्यात आग लागली तर?"

इतकी वर्षं अशा वेळी मी त्यांना हसत आले. त्या दिवशी हसू आलं नाही. गाडीचं दार उघडं ठेवून आम्ही दोघंही उभे राहिलो, आग आलीच तर कुठल्या बाजूने येईल, ते बघत.