अंगठ्याचं नख

काटकी दिसली की दादांच्या अंगठ्याचं नख आपोआप पुढे व्हायचं. साल जराशी खरवडायची, चष्मा कपाळावर ढकलायचा, आतली हिरवी रेघ बघायची आणि म्हणायचं, "गेलं म्हणाची घाई नको करू, बाई."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते इथे विलायतेत, स्टॅनमोरमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात. शेजारचे हे दादा नागपूरचे. त्यांच्या दारात लाकडी टबमध्ये अझेलिया होती, फुलांचं झुडूप. मे महिन्यात नुसती केशरी आग, आणि नोव्हेंबरात बघते तर काटक्या! मी तेव्हा पुण्याहून आलेली, एम.ए., अंगात नवा लाल कोट आणि जगातलं सगळं कळतं असा चेहरा. तुम्ही हसाल, पण मयताच्या घरी नेतात तसं पिठलं-भात घेऊन मी सांत्वनाला गेले. "दादा, झाड गेलं हो तुमचं."

त्यांनी आधी पिठलं खाल्लं, मग नख चालवलं. "पानं झाडते हे थंडीत. पिठलं मस्त झालं पण."

पुढच्या बर्फात मी शहाणीने त्या टबाला स्वतःची शाल गुंडाळली. "काढ ते," दादा ओरडले. "याला थंडी पाहिजे. थंडी तुलेच वाजून राहिली!"

बुद्धपौर्णिमेला टब चाकांच्या फळीवरून घरात यायचा, बुद्धाच्या मूर्तीशेजारी. फूल तोडलेलं त्यांना चालायचं नाही. वंदनाला आलेली मंडळी पाकळ्यांना हात न लावता वास घ्यायची. दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गेल्या त्या वर्षीही टब आत आला. ढकलायला तेवढं त्यांनी मला बोलावलं.

गेल्या पानगळीत हॉस्पिटलात जायच्या आधी त्यांनी तोच टब माझ्या दारात आणून ठेवला. "पाणी पावसाचं. नळाचं नको. वर स्वर्ग-बिर्ग काही नसते, नाही तर येऊन भांडलो असतो."

भेटायला गेले तेव्हा त्यांनी नख स्वतःच्याच मनगटावर ओढलं. "काय दिसून राहिलं?"

"हिरवं."

"पुणेकरीण खोटं बोलून राहिली," म्हणाले आणि डोळे मिटून हसले.

जानेवारीत दादा गेले. केंब्रिजहून त्यांची लेक आली. मी पिठलं-भात घेऊन गेले. या वेळी प्रसंग बरोबर होता. ती दोन घास जेवली आणि म्हणाली, "काकू, बाबा तुमच्या पिठल्याची गोष्ट सगळ्यांना सांगायचे."

आता एप्रिल संपत आला. गल्लीतल्या सगळ्या कुंपणांना पालवी आहे. पिंपातलं पावसाचं पाणी मी रोज घालते आहे. टबात काटक्याच.

काल नात म्हणाली, "आजी, हा झाड मेला का?"

"घाई नको करू, बाई," मी म्हटलं.

ती आत गेल्यावर एका काटकीवर नख टेकवलं. साल मात्र खरवडली नाही. मग हात पदरात घेतला आणि घरात आले.