अकोल्याच्या काडीवर तोललेला आरसा

अमरावतीहून निघालो तेव्हा डांबर इतकं वितळलं होतं, की एसटी धावत नव्हती, पोहत होती. पोटात दोन गिलावडे (दह्यात बुडवून तिखटानं पेटवलेले वडे), खिशात अंबादेवीच्या कुंकवाची पुडी. चाललो होतो अकोल्याला, जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण बघायला. म्हणजे तिचा वीतभर तुकडा.

माझा वर्गमित्र रशीद जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या) यंत्रांचे सुटे भाग बनवतो. हंगाम सरला की त्याच्या लेथवर धूळ बसते. यंदा मात्र दुर्बिणीचं काम बघणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेनं त्याच्याकडे एक नमुना मागितला होता. परदेशातल्या कुठल्याशा डोंगरावर शेकडो तुकडे जुळवून एकच आरसा उभारणार आहेत, आमच्या मते अर्ध्या अकोल्याएवढा. प्रत्येक तुकड्याखाली त्याला तोलायला पोलादी काड्या. काडी केसाच्या कितव्याशा हिश्शानं जाड झाली, तरी आरसा वाकतो आणि तारा फेंगडा दिसतो. नमुना पास झाला तर वर्षभर काम, नाहीतर ते पुण्याच्याच कारखान्याला. पुण्याला आधीच सगळं कळतं, आता तारेही त्यांचेच.

रशीदनं फडक्यातून काडी काढून दाखवली. "तीन महिने गेले हिच्यापायी. हात नको लावू."

तो चहा सांगायला गेला आणि मी हात लावला. आमच्याकडे सायकलपासून जेसीबीपर्यंत कुठलीही नवी वस्तू कुंकवाशिवाय राहत नाही. दुर्बीण काय कोरडी पाठवायची? दोन बोटं ओढली, ठसठशीत.

तेवढ्यात रशीद परतला, आणि त्याच्या मागोमाग संस्थेचे पुण्याचे तपासनीस आले. मापाच्या खोलीत, रशीदनं घरून उचलून आणलेल्या एसीखाली, त्यांनी काडी यंत्रात धरली. "जाड आहे. आणि हे लाल काय?"

रशीद माझ्याकडे वळला. "काहून लावलं बे?"

"शुभ व्हावं म्हणून."

"झालं शुभ. मी जाऊन राहिलो आता पुण्याले, झाडू मारायले."

साहेब बॅग आवरू लागले. मी पुढे झालो. "साहेब, कुंकू माझं आहे, त्याचं नाही."

"साहेब," रशीद हळूच म्हणाला, "जिथं कुंकू नाही, तिथं मोजा ना. बोटभर कुंकू पकडते तुमचं यंत्र, माही चूक सोडणार हाय का?"

साहेबांनी कुंकू नसलेल्या चार जागी मोजलं, तिथं माप जवळपास जुळलं. मग काडी स्पिरिटनं पुसली, हाताची ऊब उतरेपर्यंत तासभर ठेवली, आणि पुन्हा मोजलं. तो तास मी दोन्ही हात खिशात कोंबून बसलो. काडी बरोबर निघाली.

साहेबांनी सही केली आणि खाली अट लिहिली, मापाच्या खोलीत बाहेरच्यांना मज्जाव.

"बाहेरचे नका लिवू साहेब," रशीद म्हणाला. "अमरावतीवाले लिवा."

परतीच्या एसटीत वाटलं, विश्वाचा आरंभ बघायला मोठा आरसा लागत असेल, पण मित्राच्या कामात बोट न घालायची अक्कल त्याहून दूर असते. मला ती पन्नाशीत दिसली. रशीदचे लेथ मात्र यंदा पावसाळ्यातही फिरणार.