मामांची ठिपक्यांची द्राक्षं

आमच्या घराण्यात कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारा माणूस मी एकटाच होतो. यावरून आमच्या घराण्याची कल्पना यावी.

रंगीत मोबाइल आमच्या आवाक्यात यायचे होते, त्या काळातली गोष्ट. माझ्या मोबाइलचा पडदा काडेपेटीएवढा, आणि त्यावर रंग दोनच: काळा आणि काळा नसलेला. सायखेड्याला सुभाषमामांची द्राक्षबाग. ऑफिसातल्या एका मित्राचा डिजिटल कॅमेरा मागून नेऊन मी तिथे घडांचा एक फोटो काढला होता. अहाहा! हिरवेगार लांबट मणी, मागून ऊन, आणि आरपार दिसावं असा तजेला! ऑफिसात मिरवायला म्हणून मी तो मोबाइलमध्ये चढवला. चढवताना तो मोबाइलच्या कुवतीप्रमाणे आक्रसला आणि 'डब्ल्यूबीएमपी' असं शेपूट लावलेली एक चिमुकली फाइल होऊन बसला. मग मी कॉम्प्युटरवरचा मूळ फोटो पुसून टाकला. मोबाइलमध्ये होता की! (जागा अडत होती. हार्ड डिस्क आणि आमचं स्वयंपाकघर, दोन्हीकडे तीच बोंब.)

एके दिवशी सकाळी मामांचा फोन आला.

"विनू, मुंबईचा शेठ हाय, माल बाहेरदेशी धाडतो. चार-पाच बागांचे फोटो मागवलेत त्यानं, मेलवर. आज सांजेपर्यंत. ज्याचा फोटो आवडंल त्याच्याच बागेत उद्या येणार म्हणतो. तुझ्याकडं हाय ना तो फोटो?"

"मामा, तुम्ही अगदी निर्धास्त राहा!"

"यंदाचा सगळा माल तुझ्या भरवशावर हाय, लेका."

छाती फुगली. मित्राला फोन केला, तर तो कॅमेऱ्यासकट गोव्याला! मग काय, मोबाइलला केबल लावली आणि फाइल कॉम्प्युटरवर उतरवली. उघडायला गेलो तर कॉम्प्युटरनं मलाच विचारलं, ही कशानं उघडू?

"अहो, त्यालाही माहीत नाही?" बायको मागे उभी होती. सुनीताला यंत्रांचं काही कळत नाही, पण माझं सगळं कळतं.

"फाइल जुन्या पद्धतीची आहे. तिची जेपीजी करायची. जेपीजी म्हणजे आधुनिक. एकदा जेपीजी झाली, की रंग परत येतात."

"कुठून येतात?"

"आतून!"

हे मी नुसतं म्हणत नव्हतो, मला तसं मनापासून वाटत होतं. मटकीला मोड येतात तसे या फाइलला रंग येणार! इंटरनेटवरून फाइल बदलून देणारा प्रोग्रॅम उतरवायला घेतला. दुपार झाली तरी तो उतरतच होता. तेव्हा इंटरनेट फोनच्याच तारेवरून यायचं, त्यामुळे तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडला, आणि मोबाइल केबलला बांधलेला, तोही लागत नव्हता. एव्हाना शेजारचे रफिकभाई आणि वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू बघायला आल्या होत्या. आमच्या घरात काय चाललंय याची उत्सुकता आम्हाला सोडून सगळ्यांनाच असते, पण त्या दिवशी मलाही होती.

शेवटी बटण दाबलं. जेपीजी झाली! डोळ्यांत प्राण आणून ती उघडली. काळी-पांढरीच होती. मग वाटलं, मोठी केली की रंग दिसतील. मोठी केली. ठिपके मोठे झाले.

"एक्स-रे कोणाचा आहे?" काकूंनी काळजीनं विचारलं.

"मधमाशांचं पोळं है," रफिकभाई म्हणाले. "नाही तर मग घाटातला बोगदा."

"मनुका भिजवली म्हणून तिचं द्राक्ष होत नाही," सुनीता म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

मी हरलो नाही. चित्र रंगवायच्या प्रोग्रॅममध्ये हिरव्या रंगाची बादली घेतली आणि एका मण्यावर ओतली. मणी सोडून आजूबाजूचं सगळं आभाळ हिरवं झालं! दुसऱ्या मण्यावर ओतली, तर एकच ठिपका हिरवा झाला. पाच वाजायला आले होते. मी डोळे मिटले, खाली माझा मोबाइल नंबर टाकून मेल पाठवून दिली आणि मोबाइल केबलमधून सोडवला.

तेवढ्यात दारात मामा.

"फोन लागंना, म्हणून एस्टीनं आलो. दाव बरं फोटो."

मामा वाकले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "विनू, हे पांढरं काय? माझ्या बागेवर भुरी कधी पडली रे?"

"मामा, हा रोग नाही. हे तंत्रज्ञान आहे."

"फवारणी कशाची करायची याच्यावर?"

मला रडू येईल की काय असं वाटलं. वर्षभर पोराबाळांसारखी जपलेली बाग, आणि मी तिला जगासमोर रोगट करून ठेवली होती! तेवढ्यात मोबाइल वाजला. शेठ!

"अहो, हे काय पाठवलंय?"

मामांनी फोन हिसकावून घेतला.

"माल चोख हाय, शेठ. भाचा तसा हाय. येऊन बघा!"

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. मग शेठ म्हणाले, "येतो. बाकीचे फोटो सगळे सारखेच आहेत, चकाचक. पण हे नेमकं काय आहे, ते कळल्याशिवाय मला झोप लागायची नाही."

रात्रीच मी मामांबरोबर सायखेड्याला गेलो. दुसऱ्या दिवशी शेठ थेट मामांच्या बागेत. मांडवाखाली शिरले आणि थबकले. एक मणी तोडून तोंडात टाकला. मग दुसरा. खिशातून माझ्या फोटोचा छापील कागद काढून घडाशेजारी धरला आणि पोट धरून हसले.

"फोटोच्या मानानं माल फारच उजवा आहे हो!" असं म्हणत सौदा तिथंच पक्का केला. मामांनी मला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही.

पुढं मी ऐटीत रंगीत कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला. हंगामात सायखेड्याला गेलो, तर शेठच्या सौद्याची गोष्ट ऐकलेले मामांच्या शेजारचे बागायतदार माझ्याकडून फोटो काढून घ्यायला वाटच बघत बसलेले. मी मोबाइल बाहेर काढला, एक झकास फोटो काढला आणि त्यांना दाखवला.

त्यांचे चेहरे पडले.

"रंगीत व्हय?" ते म्हणाले. "मग तो कुणीबी काढंल. तुमाला कशाला बोलावलं असतं?"