मलाकीची चार चाकं

वर्षाच्या सरकारी तपासणीत आमच्या गावातली एकही गाडी गेल्या अकरा वर्षांत नापास झालेली नाही. ही सगळी मलाकीची कृपा. मलाकी माझा चुलतभाऊ आणि शेजारी. सवाईई बेटाच्या या टोकाला टायरमधलं काही कळणारा तो एकटाच. आम्ही बाकीचे हवा भरण्यापुरते हुशार.

ऑकलंडला टायरच्या दुकानात एकोणीस वर्षं राबून, कंबर घालवून तो सामोआला परत आला. येताना बोटीतून चार कोरे टायर आणले, रिमसकट. एकशे पंच्याण्णव, पासष्ट, पंधरा. मापाचा हा आकडा आमच्या पोरांनाही पाठ आहे, कारण गावातल्या झाडून सगळ्या जुन्या जपानी गाड्यांच्या दाराच्या कडेला तोच चिकटवलेला असतो. तपासणीवाला दार उघडून तो वाचतो, मग वाकून टायर वाचतो. जुळलं की शिक्का.

आमच्या गाड्यांना मात्र मिळेल तो टायर. मेहुण्याचा, भंगारातला, वादळात वाहून आलेला. म्हणून आदल्या दिवशी मलाकीच्या नीरफणसाखाली गाडी लावायची, त्याची चार चाकं चढवायची, पास व्हायचं आणि परत आणून द्यायची. मीही तीनदा नेली. खोटं कशाला बोलू?

परत देताना मलाकी कटकट करायचा. मागचे टायर बुटके नि पुढचे उंच असले, त्यात मागचे झिजलेले, की ओल्या रस्त्यावर गाडी मागून फिरते, म्हणायचा. आम्ही हो हो करायचो, भाजलेला तारोचा कंद त्याच्या हातात कोंबायचो आणि सटकायचो. कुणाला बोट गाठायची असायची, कुणाला दवाखाना. नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही.

फेब्रुवारीत फेरेती चाकं न्यायला आला. बोटीच्या धक्क्यावरून माणसांची ने-आण करून पोट भरणारा, तोंडाने फटकळ पण कुणाच्याही अडीनडीला धावणारा. गुरुवारी त्याची गाडी पास झाली. दुपारी मलाकीनेच स्वतःच्या हाताने त्याचे जुने टायर चढवून दिले, मागे ते दोन बुटके, गुळगुळीत. मंगळवारी जरा भुरभुर झाली आणि काळ्या लाव्हाच्या वळणावर गाडी गर्रकन फिरून दगडांवर आदळली. फेरेती जागीच गेला. काचेवरचा नवा शिक्का तेवढा धड राहिला.

पोलिसाने कागदावर कारण म्हणून वेग लिहिला. आमच्या पथ्यावरच पडलं ते.

मलाकीचं अन्नपाणी सुटलं. तीन आठवड्यांनी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सेफो, मी चटई घेऊन रूताच्या दारात बसणार आहे. येतोस?"

रूता म्हणजे फेरेतीची बायको. आमच्यात कुणाच्या हातून माणूस गेला तर त्याने पहाटे त्या दारात जायचं, घरातली सगळ्यांत चांगली चटई डोक्यावरून घ्यायची आणि खाली बसायचं. आतल्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं.

"तू काय ढकललंस त्याला?" मी खेकसलो.

"तुम्हाला कळत नव्हतं रे. मला कळत होतं."

गावच्या प्रमुखांनी त्याला बोलावून, जायचं नाही म्हणून दम भरला. तो दोषी ठरला तर चाकं नेणारं प्रत्येक घर दोषी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं. मी गेलो नाही.

सोमवारी पहाटे तो एकटाच जाऊन बसला. मी चोरासारखा कुंपणाआडून बघत होतो. ऊन चढलं. चटईखाली साठीचा माणूस, त्यात कंबर अशी. त्याला माफी नकोच होती, हे मला तिथे उमगलं. कुणीतरी एकदा तुझं चुकलं म्हणावं आणि हे सगळं थांबावं, एवढंच त्याला हवं होतं.

शाळेची घंटा झाली तेव्हा रूता बाहेर आली. तिने चटई उचलली. म्हणाली, "उठा काका. तुमचा कसला दोष? त्याचं आयुष्यच तेवढं होतं." हात धरून तिने त्याला ओट्यावर बसवलं, गरम कोको दिला. दोघंही रडत होती.

मग तिने डोळे पुसले. भावाची जुनी गाडी ती आता धक्क्यावर चालवणार होती. पोरांना खायला घालायचं तर दुसरं काय करणार?

"गुरुवारी तपासणी आहे, काका. चाकं द्याल ना?"

मलाकीने पेला खाली ठेवला. "ने. आणि परत आणू नकोस," तो म्हणाला. "राहू देत तुझ्याच गाडीला."

"असं कसं? सोमवारी सेफोकाकांची पाळी आहे. लोक मला काय म्हणतील?"

मलाकीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. कुंपणापाशी मी उभा होतो, हे त्याला बहुतेक आधीपासून माहीत असावं. मला नकोत, एवढे दोनच शब्द मला म्हणायचे होते. मी खाली बघितलं.

गुरुवारी दुपारी रूताने चाकं परत आणून दिली.