लाल दिवा आणि चाचा

आवाज वाढवा म्हणून बोलावणाऱ्याला आवाज कमी करून देणारा, आणि वर त्याच्याकडून शुक्रिया ऐकून घेणारा साउंडवाला उभ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो आमच्या क्लासच्या वाट्याला आला. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. वडिलांपासून लाउडस्पीकरचा धंदा. पण त्या शब्दातला ‘लाउड’ त्यांना मुळीच मान्य नव्हता. स्वतः इतकं हळू बोलत की समोरच्याला वाकावंच लागे, त्यामुळे त्यांच्याशी हुज्जत घालणारा माणूसही लांबून अदबीनं झुकल्यासारखा दिसे. लग्नाला पाहुणे म्हणून गेले तरी पंगतीआधी डीजेवाल्याच्या मागं जाऊन उभे राहत. सख्ख्या पुतण्याच्या वरातीत त्यांनी एक बटण असं काही पिळलं की नाचणारी मंडळी थांबून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारू लागली. पुतण्या पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. चाचांच्या हे बरेच दिवस लक्षात आलं नव्हतं.

मी देगलूरहून लातूरला केमिस्ट्री शिकवायला आले तेव्हा गल्लीगल्लीत क्लास निघत होते. आमच्याकडे दोन हॉल. एकात मी शिकवायची. दुसऱ्यात पडद्यावर मी दिसायची आणि माझा आवाज कॉम्प्युटरमधून स्पीकरवर जायचा. आवाज माझा मूळचाच बारीक. ऑफिसातल्या कारकुनाला कॉम्प्युटरमध्ये इक्वलायझर, म्हणजे आवाजाचे जाड-बारीक भाग वरखाली करायच्या दांड्यांचा तक्ता, सापडला होता. मॅडमचं बोलणं दणक्यात पोचावं म्हणून त्यानं त्यातल्या सगळ्या दांड्या भक्तिभावानं वर नेऊन ठेवल्या. पलीकडच्या हॉलला ‘ऑक्सिडेशन’ ऐकू येई ते पत्रा फाडल्यासारखं. तक्रारी झाल्या. संचालक सर म्हणाले, “आठ दिवस बघू मॅडम, न्हाईतर दुसरी सोय करावी लागंल.” लेक लातूरला शिकवते, हे आईनं देगलूरला गल्लीभर सांगून ठेवलं होतं. मी ओरडून शिकवू लागले. घसा बसला, आवाज आणखी फाटला.

मोठे स्पीकर बसवायला चाचांना बोलावलं. ते पलीकडच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर बसले आणि माझा अख्खा तास ऐकत वहीत काहीतरी लिहीत राहिले. संचालकांना वाटलं, खर्चाचा अंदाज काढतायत. प्रत्यक्षात आवाज फाटला की ते एक रेघ ओढत होते. चार पानं भरली होती.

“मॅडमचा आवाज लहान न्हाई,” ते कॉम्प्युटरपाशी येऊन म्हणाले. “त्याला तुम्ही वरच्या छतावर आपटून राहिले. हा लाल दिवा बघा, आवाज फाटला की लागतो.” मग सगळ्या दांड्या खाली. घुमणारा भाग आणखी खाली. शब्द उठावा म्हणून एकच दांडी जराशी वर, पण ती चढवण्याआधी डावीकडची मुख्य दांडी तेवढीच उतरवली. “हितं जेवढं चढवायचं, तेवढं तिथं आधी उतरवायचं. लाल दिवा लागला न्हाई पायजे. मोठं पायजे तर मंग बाहेरच्या मशीनवर वाढवा.”

“चाचा, वाढवायला बोलावलं अन् तुम्ही कमी करून राहिले!” संचालक म्हणाले.

“हाव साहेब.”

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर पलीकडच्या हॉलमधली शेवटच्या बाकावरची मुलगी आली. “मॅडम, फळ्यावर तुम्ही ॲसिड लिहिलं, पण तोंडानं बेस म्हणालात.” चूक दाखवल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. आठ दिवसांचा विषय सरांनी पुन्हा काढला नाही.

चाचांना एकदा विचारलं, एवढा ध्यास कशानं लागला. वायर गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, “भूकंप झाला तवा ढिगाऱ्यातून सापडलेल्यांची नावं मी छावणीत स्पीकरवर पुकारायचो. माणसं लई, म्हणून सगळं फुल केलं. एक म्हातारी दर नावाला उठून यायची. माझ्या लेकाचं म्हणला का, विचारायची. मला वाटलं, तिचं डोकं फिरलं. दोन दिवसांनी मी सोताच लांब जाऊन उभा राहिलो. मला एक नाव कळलं न्हाई.” तोवर म्हातारी तिथून गेली होती. तिच्या लेकाचं नाव आपण पुकारलं होतं की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

आता चाचा नांदेडला लेकीकडे असतात. मागच्या उन्हाळ्यात भेटून आले. कान पार गेलेत. मी मोठ्यानं बोलायला लागले तर लेक म्हणाली, “ओरडू नका मॅडम, ते ओठांवरून ओळखतात.” मग माझ्या नेहमीच्या आवाजात मी क्लासचं, आईचं, सगळं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत मान हलवत होते. निघताना विचारलं, “कळलं का चाचा?”

हसून म्हणाले, “साफ.”