खोकला काठावर ठेवा

“काय खोकायचं ते हितंच खोकून घ्या. पान्यात खोकला न्यायचा न्हाई.”

भंडारदऱ्याच्या काठावर म्हातारा असं म्हणाला की पुण्या-मुंबईचे पाहुणे हसत. तो हसत नसे. मग पाहुणे मुकाट्याने खाकरत. ज्यांना खोकला नसे तेही भिडेपोटी खोकत.

ही एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. मी धरणावर कारकून, म्हणून गावाचा भाऊसाहेब. डाक बंगल्यावर उतरलेल्या पाहुण्यांना पाणमांजरं दाखवायला म्हातारा सकाळी होडी काढी. वल्हं करकरू नये म्हणून खुंटीला गोणपाट गुंडाळलेलं असे. बायकांना तो बांगड्या पदरात धरायला लावी. तुम्ही पाणमांजर चित्रात पाहिलं असेल. दोन्ही पंजांत मासा धरून मक्याच्या कणसासारखा कुरतडताना पाहिलंय? मी पाहिलंय, त्याच्यामुळे. ते एकदा दचकलं की आठवडाभर खडकातल्या आपल्या कपारीत फिरकत नाही, म्हणून हा सगळा कडक कारभार.

एकदा आमच्या खात्याचे बडे साहेब काठावर इतके मनापासून खोकले की त्यांना खरीच उबळ आली, ती होडीत बसल्यावरही थांबेना. म्हाताऱ्याने त्यांना होडीतून उतरवलं. माझी बदली ठरलीच, असं मी धरून चाललो. पण साहेब दुसऱ्या सकाळी सुंठ-मध चाटून पुन्हा हजर! मोठा माणूस, यात शंका नाही.

मी दर रविवारी म्हाताऱ्याबरोबर जाई. वल्हवायला त्यानेच शिकवलं, तेही शिव्या न देता.

पुढच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्याच्या गालात सतत खोकल्यावरची बेहड्याची साल दिसू लागली. मला कळायला हवं होतं. एका सकाळी पाहुणे होडीत बसले आणि त्याला खोकला आला. तो थांबला, पाणी प्याला, पुन्हा खोकला. पाहुणे म्हणाले, चालेल हो बाबा, बसा. मीही आग्रह केला. तो गेला नाही तर पुन्हा कधी जाणार नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“भाऊसाहेब, सायबाला उतरवलं हुतं आपन,” तो म्हणाला आणि वल्हं माझ्या हातात दिलं.

त्या वर्षी पाणी इतकं आटलं होतं की कपार काठावरूनही दिसे. मादी दोन पिल्लं घेऊन बाहेर आली आणि आमच्यासमोर अख्खा मासा खाऊन गेली. आनंदाने मी मागे पाहिलं. म्हातारा खडकावर बसून आमच्याकडेच पाहत होता. पटक्याचं टोक त्याने तोंडात कोंबलं होतं आणि त्याचे खांदे गदागदा हलत होते. आवाज मात्र एवढासुद्धा आला नाही.

दिवाळीआधीच तो गेला. होडीत पाय ठेवण्यापूर्वी मी अजून काठावर खोकून घेतो, खोकला नसला तरी.