सहावी डिस्क

निवृत्त झालो तरी कृष्णराजनगरच्या रस्त्यावरची ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले, पळालेल्या आरोपींमागे शेतातून धावलो. पण जीपमध्ये बसून स्वतःच्या छातीची धडधड ऐकू आली, ती त्याच दिवशी. आणि मी कुणा माणसाच्या मागे नव्हतो. एका डिस्कच्या मागे होतो.

मी तेव्हा म्हैसूरला इन्स्पेक्टर होतो. शहरातल्या एका कर्करोग रुग्णालयाची फिर्याद सकाळीच दाखल झाली होती. सर्व्हरच्या खोलीतले साठवणुकीचे यंत्र जागेवर होते, पण त्यातल्या आठही डिस्क कोणीतरी काढून नेल्या होत्या. कुलूप शाबूत होते. आमचे हेड कॉन्स्टेबल दार पाहताच म्हणाले, "सार्, आतली माहिती असलेलाच माणूस आहे हा."

तिथल्या संगणक विभागाच्या प्रमुख बाई मूळच्या पुण्याच्या. माझे पूर्वज म्हैसूर संस्थानच्या फौजेतले, घरी मराठी, पण निम्मी कन्नडच. तरी बाईंना मराठी ऐकून धीर आला.

"साहेब, प्रत्येक रुग्णाला किरण कुठून आणि किती द्यायचे, ते सगळं त्यात होतं," त्या म्हणाल्या. "बॅकअप कधीचा बंद पडला होता, कोणी बघितलंच नाही. सगळं पुन्हा आखायचं तर कित्येक दिवस जातील. उपचार मध्येच थांबवणं बरं नाही."

बाहेर बाकावर सरगूरचा एक शेतकरी बायकोला घेऊन बसला होता. तिचे उपचार अर्ध्यावर आले होते. मला पाहून तो उठला. "इवत्तु आगुत्ता, सार्?" आज होईल का? 

मी बाईंना म्हटले, "एकेक डिस्क मिळत गेली, तर निदान तिच्यावरच्या रुग्णांचं तरी काम सुरू करा."

"तसं नसतं, साहेब. एका डिस्कवर एकही फाइल सबंध नसते. तिचे तुकडे सगळ्या डिस्कवर पसरलेले असतात. सोबत हिशेबाचे तुकडे असतात. समजा एकीवर पाच आहे, दुसरीवर सात, तिसरीवर त्यांची बेरीज बारा. पाचवाली हरवली तर?"

"बारातून सात वजा. पाच."

"बस्स, तेच. आमच्याकडे असे दोन वेगवेगळे हिशेब ठेवलेत. म्हणून आठातल्या कुठल्याही दोन गेल्या तरी सगळं परत मिळतं. तिसरी गेली, की काहीच नाही. थोडंसुद्धा नाही."

मला एकदम हुरूप आला. "म्हणजे मला सहा पाहिजेत!"

जुने संगणक घेणाऱ्या सगळ्या दुकानांना आम्ही कळवले. थोड्याच वेळात मेटगळ्ळीच्या एका दुकानदाराचा फोन आला. त्याने आदल्या संध्याकाळी पाच डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यांवर रुग्णालयाचे लेबल तसेच होते. त्याच्या कॅमेऱ्यातला चेहरा बाईंनी क्षणात ओळखला. सर्व्हरच्या खोलीचा एसी सांभाळणारा हा माणूस. महिन्यापूर्वी त्याला कामावरून काढले होते, पण खोलीची किल्ली परत घ्यायची राहिली होती. आम्ही त्याला भरल्या ताटावरून उठवून आणला.

चौकशीत तो एकच धरून बसला. "ननगे गोत्तिल्ला." मला माहीत नाही. आपल्याला काय ठाऊक आहे, हे आरोपीला कळू द्यायचे नाही, असे आम्हांला शिकवलेले असते. त्या दिवशी मी ते बाजूला ठेवले. पाच आणि सातचा हिशेब त्याला समजावला. बाकावरच्या त्या बाईबद्दल सांगितले.

तो एकदम बोलू लागला. "सार्, मला वाटलं ऑफिसच्या फायली असतील. मला काढलं ना, चार दिवस त्यांचं काम अडू दे म्हटलं. पेशंटचं असतं ते मला कोण सांगणार?"

"उरलेल्या तीन कुठे?"

"दोन दगडावर आपटून फोडल्या. रागात." मग घाईघाईने म्हणाला, "एक कृष्णराजनगरला दिली. कॅमेरे बसवणाऱ्याला."

दोन गेल्याच होत्या. आता सगळे त्या एकीवर होते.

कॅमेरेवाल्याच्या दुकानात फोन लावला. मालक भाताच्या गिरणीत कॅमेरे बसवायला गेले आहेत, डिस्क सोबत नेली आहे, असे कळले. त्याचा मोबाइल कोणी उचलेना. तिथल्या ठाण्याला कळवले, पण त्यांची जीप लांब गस्तीवर होती, म्हणून आम्हीही निघालो. बाई मागच्या सीटवर होत्या. "कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर नवी डिस्क बघितली की ती पुसायची का, असं विचारतो," त्या म्हणाल्या. "माणूस हो म्हणतो आणि संपतं." ड्रायव्हरने वेग वाढवला.

गिरणीच्या फाटकात ठाण्याची आणि आमची जीप एकदमच शिरली. आतल्या खोलीत तो माणूस माऊस हातात धरून पडद्यासमोर बसलेला. हेड कॉन्स्टेबल दारातूनच ओरडले, "ओत्तबेडी! ओत्तबेडी!" दाबू नका! घाबरून त्याने माऊस सोडला आणि दोन्ही हात वर केले. पडद्यावर तो प्रश्न अजून तसाच होता.

बाईंनी डिस्क काढून आपल्या ओढणीत गुंडाळली. मी तिथल्या तिथे पंचनामा उरकला. आता नवी अडचण होती. हा सारा मुद्देमाल, खटला संपेपर्यंत सीलबंद राहायचा. मी तसाच कोर्टात गेलो. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतले आणि डिस्क रुग्णालयाच्या ताब्यात देण्याचा हुकूम त्याच संध्याकाळी दिला.

सहा डिस्क ज्याच्या त्याच्या खणात बसल्या. लाल दिवे लुकलुकले.  मग एकेक दिवा हिरवा होत गेला आणि पडद्यावर रुग्णांची नावे ओळीने उतरू लागली. बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या, गणवेशात.

दुसऱ्या दिवशी सरगूरच्या त्या बाईचे उपचार पुन्हा सुरू झाले. आरोपीला शिक्षा झाली. त्याने शेवटपर्यंत गुन्हा नाकारला नाही.

त्या प्रकरणापर्यंत मी समजत होतो, की माणूस भीतीने बोलतो. हा माणूस भीतीने गप्प होता. आपण काय करून बसलो हे कळले, तेव्हा तो बोलला. पुढे जेवढी वर्षे नोकरी केली, तेवढी वर्षे चौकशीला बसलो की आरोपीला आधी पाणी द्यायचो, आणि "का केलंस?" हे विचारण्याआधी त्याच्या हातून कुणाचे काय गेले, ते त्याला नीट सांगायचो.